जड फाइलचा उन्हाळा

लू सुरू झाली. सकाळी दहा-अकरालाच पश्चिमेकडचं दार लावून पडदे ओढून घ्यावे लागतात. आमच्या नगरलाही ऊन काही कमी नव्हतं, पण ते एका जागी उभं असायचं. सावलीत गेलं की माणूस सुटायचा. दिल्लीचं ऊन चालत येतं. दाराच्या फटीतून आत शिरतं, अंथरुणात जाऊन बसतं, माठावर झाकण असलं तरी पाण्याला धुळीची चव देऊन जातं. नवऱ्याच्या नोकरीपायी इकडे आले त्याला आता जन्म लोटला. इंदिरापुरमच्या या फ्लॅटमधून दुसरीकडे कुठे जावं असं मनातही येत नाही, पण या भाजणाऱ्या वाऱ्याशी, लूशी, माझं काही जमलं नाही.

मुलाने दोन्ही खोल्यांना एसी बसवून दिलेत. तरी बाल्कनीतला जुना कूलर मी काढू दिलेला नाही. दर उन्हाळ्यात त्यात नवं खस, म्हणजे आपला वाळा, भरून घेते, पाणी ओतते आणि खटका दाबते. मुलगा म्हणतो, आई, याने उलटी ह्युमिडिटी वाढते. वाढू दे. ओल्या खसाचा पहिला वास येतो तेव्हा मला फार बरं वाटतं असंही नाही.  पण सगळ्याच गोष्टी काही बरं वाटावं म्हणून करायच्या नसतात.

तो वास आमच्या नोएडातल्या ऑफिसचा आहे. नव्वदचं दशक सरत आलं होतं. एका सेक्टरमधल्या बंगलेवजा कोठीचा वरचा मजला, खाली घरमालकीण आणि तिचा भुंकरा कुत्रा. आजूबाजूला अर्धवट घरं, भिंतींतून वर आलेल्या सळ्या, विटांचे ढीग आणि त्यांच्या आडोशाला बांधकामावरच्या बायकांनी साड्यांच्या झोळीत निजवलेली पोरं. साहेबांनी भक्कम सरकारी नोकरी सोडून सर्वेक्षणाची कंपनी काढली होती. त्या वर्षांत तशी हवाच होती. परदेशातून कामं येत होती आणि कामं देणाऱ्यांना आकडे हवे असायचे. किती घरांत नळ, किती घरांत टीव्ही, किती बायकांची बाळंतपणं घरात आणि किती दवाखान्यात. गावोगावच्या घरांतून भरून आलेले फॉर्म यंत्रात चढवले जायचे आणि त्यातून तक्ते काढणं हे माझं काम होतं. आमचे साहेब तक्त्याला ‘टेबल’ म्हणायचे आणि घरी माझी सासू विचारायची, रोज इतकी टेबलं करता ती ठेवता कुठे.

माझ्या शेजारच्या खुर्चीवर वृंदा बसायची. साताऱ्याकडची, लग्न करून गाझियाबादला आलेली. तिचे सासरे फार पूर्वी कारखान्यातल्या नोकरीसाठी इथे आले आणि इथलेच झाले. नवरा, दिनेश, इथेच वाढलेला, मराठी बोलताना मध्येच ‘अच्छा’ आणि ‘बिल्कुल’ पेरणारा. वृंदा माझ्याहून बरीच लहान. मला ती ताई म्हणायची. बाकी ऑफिससाठी मी एस्थर मॅडम होते, घरी आणि चर्चमध्ये एस्तेर. तिचं हसणं मोठं होतं आणि साहेबांना ते खटकायचं, एवढंच तेव्हा तिच्याबद्दल कुणाला सांगता आलं असतं.

त्या जानेवारीत आम्ही दोघींनी फॉर्म भरायला गावोगाव जाणाऱ्या मुलींना शिकवलं होतं. धुक्यातल्या दुपारी, हातात चहाचे ग्लास घेऊन. त्या फॉर्मात एक प्रश्न असा होता की त्याच्यासाठी आम्ही वेगळा तास ठेवायचो. बाईला ‘मुलं किती’ असं विचारलं तर ती जिवंत असलेली सांगते. जी गेली ती सांगत नाही, आणि जन्मून लगेच गेली ती तर तिच्या घरच्यांनीच कधी मोजलेली नसतात. म्हणून तिचं उत्तर लिहून झाल्यावर आणखी एकदा विचारायचं. वृंदा मुलींना सांगायची, पेन खाली ठेवायचं. पेन हातात असलं की बाई घाबरते, तिला वाटतं काहीतरी पक्कं लिहिलं जाणार. पेन ठेवून, तिच्याकडे बघून, सावकाश विचारायचं: “कोई ऐसा बच्चा भी हुआ, जो पैदा होकर रोया हो, पर कुछ घंटे या कुछ दिन ही जिया हो?” मुलींकडून ती हे वाक्य पुन्हा पुन्हा म्हणवून घ्यायची. तेव्हा तिला सातवा महिना होता. स्वेटरची खालची बटणं लागत नव्हती.

मार्चमध्ये तिला मुलगा झाला. दिवस भरायच्या आधीच झाला. तो रडला, तिने ऐकलं, आणि दुसऱ्या दिवशीचं ऊन उतरायच्या आत तो गेला. बारसं नाही, नाव नाही. इतक्या लहान जिवाला अग्नी देत नाहीत. दिनेश आणि त्याचे काका त्याला हिंडनच्या काठी पुरून आले. कुठे, हे वृंदाने विचारलं तर दिनेश एवढंच म्हणाला, नदीकाठी.  सासूने तिला जवळ घेतलं आणि सांगितलं की असं धरून बसू नये, झालंच नाही असं समजावं. त्या सासूची स्वतःची दोन गेलेली होती, हे वृंदाला पुढे कधीतरी एका मावसनणंदेकडून कळलं. बाई दुष्ट नव्हती. तिला जगायची जी एक रीत ठाऊक होती ती तिने सुनेच्या हातात ठेवली.

मे महिन्यात वृंदा कामावर परत आली आणि त्याच आठवड्यात लू सुरू झाली.

आता यंत्राचं सांगते. फाइलीत एक ओळ म्हणजे एक बाळंतपण. त्या ओळीत आईचं वय, शिक्षण, गाव, बाळंत कुठे झाली, सुईण होती की नर्स, मूल आहे की गेलं, असल्यास आता वय काय, वजन काय, टोचून घेतलं का, असे शेकडो रकाने. आणि अशा ओळी इतक्या, की ते आकडेवारीचं सॉफ्टवेअर त्यांच्यापुढे लोळण घ्यायचं. यंत्राच्या पोटात एका वेळी थोडंच मावायचं. एक घास घ्यायचा, बाजूला ठेवायचा, दुसरा घ्यायचा, पहिला कुठे ठेवला ते शोधायचं. पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात वाचून झालेल्या ओळींचा आकडा सरकत असायचा. तो सरकतोय तोवर आशा. मध्येच थबकला की आम्ही सगळे श्वास धरून बसायचो, आणि मग पडदा गोठायचा. सकाळी लावलेला एक तक्ता दुपारच्या डब्यापर्यंत चालायचा आणि डबा उघडला की मरायचा.

यंत्र साहेबांच्या केबिनलगतच्या छोट्या खोलीत होतं. तिथे एकमेव एसी, आम्ही बाहेर कूलरसमोर. कीबोर्डवर एक पुठ्ठा आडवा ठेवलेला असायचा: ‘रन चालू है, छूना मना है’. त्या पुठ्ठ्याचा दरारा साहेबांपेक्षा जास्त. वीज गेली की यूपीएस टिटवीसारखा ओरडायचा आणि कुणीतरी खाली जनरेटरकडे पळायचं. जनरेटरचा धूर खिडकीतून आत आला की घरमालकीण वर येऊन भांडायची, ती गेली की आम्ही पुन्हा कोपऱ्यातल्या आकड्याकडे बघत बसायचो. असं बघत बसणं हेच काम झालं होतं. जूनच्या अखेरीला अहवाल जायचा होता आणि आमच्या हातात चार तक्तेसुद्धा धड नव्हते.

प्रत्येकाने आपापल्या परीने उपाय केले. कुणी म्हणालं उष्म्याने होतंय, म्हणून यंत्राचं झाकण काढून समोर टेबलफॅन लावला. त्यात धूळ गेली आणि वर तीच साफ करावी लागली. साहेबांनी नेहरू प्लेसच्या कॉम्प्युटर बाजारातून जास्तीची मेमरी आणवली, तिने दोन दिवस फरक पडला. तक्ते पडद्यावर दाखवणं बंद केलं, सरळ फाइलीत उतरवले. फाइल एकदाच क्रमाने लावून ठेवली, म्हणजे दर वेळी नव्याने लावत बसायला नको. सॉफ्टवेअर काम करताना डिस्कवर कच्च्या फाइलींचा जो उकिरडा साठवायचं तो रोज सकाळी झाडायचा, ही तर नवी आंघोळच झाली. यातलं प्रत्येक थोडं थोडं लागू पडायचं. पण फाइल जड ती जडच.

माझा फोन हल्ली असाच अडकतो. मुलगा म्हणतो, आई, फालतू फोटो उडव ना, जागाच नाही. फालतू कोणते, विचारलं की वैतागतो. परवा कॉलनीच्या रस्त्यावर बहावा फुलला होता त्याचा फोटो काढला, तर म्हणाला, अमलतासचे तुझ्याकडे आधीच वीस आहेत. बहावा हा शब्द त्याला येत नाही. मी शिकवला होता, राहिला नाही. त्यातले एकोणीस उडवून त्याने फोन हलका करून दिला, आणि फोन खरंच पळू लागला, याचं त्याला कोण समाधान.

तर त्या मे महिन्यात वृंदाची एक गोष्ट माझ्या लक्षात आली. सकाळी यंत्र मोकळं मिळालं की खरं काम लावायच्या आधी ती एक छोटीशी मोजणी करायची. शहरात राहणारी, पदवी झालेली, पहिलटकरीण, दवाखान्यात बाळंत झालेली, आणि मूल पहिल्या आठवड्यात गेलेलं. अशा ओळी किती. उत्तर यायला वेळ लागायचा, ती हाताची घडी घालून बसायची. बोटांवर मोजता येतील इतक्याच यायच्या. त्या आल्या की ती पडदा पुसायची आणि दिवसाचं काम सुरू करायची. मी एकदा मागे उभी होते. तिने वळून पाहिलं, पण लपवलं नाही. म्हणाली, “ताई, नावं नाहीयेत यांची. पण आहेत.” घरात तिला कुणी त्या बाळाचं नाव काढू देत नव्हतं, आणि इथे त्या चारदोन अनोळखी बाया तिच्यासारख्याच एकेका ओळीत बसलेल्या होत्या. तिचं मूल त्यांच्यात नव्हतं, पण त्यांच्या ओळी होत्या तोवर तिचंही झालं होतं, असा तिचा हिशेब. मी खांद्यावर हात ठेवला आणि चहा आणायला गेले. दुसरं काय करणार होते.

अडचण सोडवली ती त्यागीने. त्यागी मेरठकडचा, हुशार, कामाला वाघ, आम्हाला दीदी म्हणणारा. त्याने असं पाहिलं की सॉफ्टवेअर तक्ता करताना ज्या ओळीत रकाना रिकामा असेल ती ओळ तसंही सोडून देतं. मग दर वेळी ती वाचायची कशाला? एकदाच सुरुवातीला सगळ्या अर्धवट ओळी गाळून टाकायच्या, पुऱ्या भरलेल्या तेवढ्या ठेवायच्या. केलं. फाइल झर्रकन उतरली. ज्या तक्त्याला सकाळ लागायची तो चहा निवायच्या आत बाहेर. ऑफिसात दिवाळी झाली. साहेबांनी समोसे मागवले, कोपऱ्यावरच्या फेरीवाल्याकडून द्रोण भरून फालसे आले, त्यांच्या जांभळ्या रसाने सगळ्यांची बोटं रंगली. साहेब त्यागीच्या पाठीवर थाप मारत होते.

वृंदा आतल्या खोलीत होती. मी तिच्यासाठी द्रोण घेऊन गेले तर ती पडद्याकडे बघत बसलेली. तिची ती सकाळची मोजणी तिने नव्या फाइलीवर लावली होती. उत्तर लगेच आलं होतं. शून्य.

तिला आधी वाटलं आपलं काही चुकलं. मग तिने नुसतंच विचारलं, गेलेली मुलं किती. शून्य. साऱ्या उत्तर हिंदुस्थानातल्या त्या घरांत एकही मूल दगावलेलं नव्हतं.

कारण अगदी साधं होतं. गेलेल्या मुलाचं ‘आताचं वय’ काय लिहिणार? आताचं वजन काय? ते रकाने आम्हीच रिकामे ठेवायला शिकवलेले होते. यंत्राच्या लेखी ती ओळ अर्धवट. त्यागीने मुद्दाम काही केलं नव्हतं. त्याने अर्धवट ओळी काढ म्हटलं, यंत्राने काढल्या. त्यांच्यासोबत त्या बायकांची बाळंतपणंही गेली. आणि नेमका हाच अहवालाचा पहिला भाग होता, बाळंतपण कुठे झालं, कोण होतं जवळ. नव्या तक्त्यात चित्र फार छान दिसत होतं. नर्स होती, दवाखाना होता. असणारच. जिथे कुणीच नव्हतं तिथली मुलं बऱ्याचदा वाचली नव्हती, आणि जी वाचली नाहीत ती फाइलीत नव्हती.

वृंदा साहेबांकडे गेली, मीही मागोमाग गेले. साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा काढून पुसला. त्यांचं म्हणणं असं की मृत्यूचं प्रकरण शेवटी वेगळं आहेच, ते आपण मूळ फाइलीवरून करू, तिथे ती सगळी येतील. इथे पहिल्या भागात त्यांच्यासाठी अडून बसलो तर यंत्र पुन्हा लोळणार आणि तारीख चुकणार. “वहाँ तो हैं ना वो,” ते म्हणाले. “यहाँ किसलिए चाहिए?”

वृंदा म्हणाली, “सर, डिलिव्हरी तो उनकी भी हुई थी.”

 साहेबांनी तिच्याकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे, आणि मला कळलं की ते आता फाइलीबद्दल विचार करत नाहीयेत. तिला थोडी सुट्टी घे म्हणाले. अगदी मायेने म्हणाले. एखाद्या बाईचं म्हणणं खोडायचं नसेल तर तिच्या दुःखाची विचारपूस करावी, हा आमच्याकडचा सभ्य मार्ग आहे, आणि तो मी त्याआधीही पाहिला होता आणि नंतरही. मला त्या क्षणी साहेबांचा जितका राग आला तितका त्या कुत्रा पाळणाऱ्या घरमालकिणीचाही कधी आला नव्हता.

वृंदाने सुट्टी घेतली नाही. सगळे त्या हलक्या फाइलीवर सपासप तक्ते काढत होते तेव्हा ती कडेला, डेटा भरायच्या एका जुन्या डबड्यावर मूळ फाइल घेऊन बसली. वीज जायची, काम पुसलं जायचं, ती पुन्हा लावायची. कूलरचं पाणी संपून नुसती गरम हवा यायची तरी उठायची नाही. तिची ओढणी घामाने पाठीला चिकटलेली असायची, आणि मार्चनंतर तिचं दूध बंद व्हायला किती दिवस लागले होते ते मला ठाऊक होतं, त्यामुळे मला तिच्याकडे बघवायचं नाही. मी डबा तिच्या टेबलावर उघडून ठेवायचे. ती दोन घास खायची.

आणि तिला सापडलं. एका दुपारी मला बोलावून म्हणाली, “ताई, आपण उलटं करत होतो. त्यागीने ओळी कापल्या. रकाने कापायला हवेत. या तक्त्याला शेकडो रकाने कशाला लागतात? सात-आठ पुरतात. तेवढे ठेवायचे, बाकीचे बाजूला काढायचे. ओळी सगळ्या राहू द्यायच्या.” तिने तसं केलं आणि तेच डबडं पळायला लागलं. त्यागीच्या फाइलीइतकं नाही, पण पळायला लागलं. मग ती माझ्याकडे न बघता म्हणाली, “ओळ म्हणजे माणूस आहे. रकाना म्हणजे आपला प्रश्न. कमीच करायचं तर आपले प्रश्न कमी करावेत.”

हे वाक्य मी पुढे नोकरी संपेपर्यंत प्रत्येक नव्या पोरीला सांगितलं. त्यागीलाही पटलं, त्याने कान धरले. पुढच्या प्रत्येक कामात ऑफिसने रकानेच कापले, ओळींना हात लावला नाही. पण त्या उन्हाळ्यापुरता उशीर झाला होता. अहवाल छपाईला गेला होता. साहेबांनी मोठ्या मनाने तक्त्याखाली बारीक अक्षरात एक टीप घातली, की आकडे संपूर्ण माहिती उपलब्ध असलेल्या बालकांपुरते आहेत. संपूर्ण माहिती. मूल जगलं नाही, याहून संपूर्ण माहिती कोणती असते मला ठाऊक नाही. वृंदाचे खरे तक्ते कुणी मागितले नाहीत.

अहवालाच्या समारंभाला आम्ही दोघी गेलो होतो, दिल्लीतल्या एका थंडगार सभागृहात. पडद्यावर आमचे आकडे उजळले, लोकांनी टाळ्या वाजवल्या. वृंदाने चहा घेतला, बिस्किट घेतलं. परतताना मी तिला सोबत म्हणून गाझियाबादच्या बसने गेले. हिंडनचा पूल आला तेव्हा तिने खिडकीची काच सरकवली. नदी म्हणजे काळा ओघळ उरलेला, दोन्ही काठांना भेगा पडलेली माती, ट्रकांची रांग, आणि पाऊस लांबल्याने अजून लू. ती बघत राहिली, पूल संपेपर्यंत. नेमकं कुठे बघायचं हे तिला माहीत नव्हतं, म्हणून सगळीकडे बघत होती. आमच्या नगरच्या कब्रस्तानात एका दिवसाच्या लेकराच्या नावाचाही दगड आहे. माझ्याच आत्याचं ते लेकरू. लहानपणी मी त्यावर बसून चिंचा खाल्ल्यात. मी हे तिला तेव्हा सांगितलं नाही. बरं झालं नाही सांगितलं.

पुढे तिला मुलगी झाली. आता बंगलोरला असते, चांगली आहे. वृंदाने काही वर्षांनी नोकरी सोडली. आम्ही अजून एकमेकींकडे जातो, ती माझ्याकडे कमी, मी तिच्याकडे जास्त, कारण तिचे गुडघे गेलेत. तिचं हसणं परत आलं, पण पूर्वीएवढं मोठं नाही.

गेल्या आठवड्यात, याच उन्हात, मी तिच्या घरी बसले होते. तिच्याकडेही कूलरच आहे. दारावरची घंटा वाजली. ओढणीने तोंड बांधलेली एक मुलगी, गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब. कसल्याशा सर्वेक्षणाची. चेहरा उन्हाने लाल झालेला. वृंदाने तिला आत बोलावलं, पंख्याखाली बसवलं, माठातलं पाणी दिलं. आम्ही दोघी तिच्याकडे अशा बघत होतो की ती बिचारी अवघडली. घरात किती माणसं, पाणी कुठून येतं, बच्चे कितने. खिडकीजवळच्या खुर्चीतून पेपर न हलवता दिनेश म्हणाले, “एक. बेटी है, बंगलोर में.” मुलीने बोट टेकवलं आणि विचारलं, फ्रिज है?

वृंदा म्हणाली, “बेटा, बीच में कुछ छूट गया. बच्चों के बाद एक सवाल होता है.”

मुलीने टॅब वरखाली सरकवून पाहिला. नाही आंटी, आहे एवढंच आहे, असं म्हणाली. ट्रेनिंगमध्ये जुन्या मॅडम सांगत होत्या, पूर्वी आणखी होते प्रश्न. पण फॉर्म जड व्हायचा, टॅब अडकायचा, एका घरात फार वेळ जायचा. “इसलिए सवाल कम कर दिए,” ती म्हणाली.

वृंदाने माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं ती हसेल, आणि मला त्या हसण्याची भीती वाटली. ती हसली नाही. दिनेश पेपराआडून म्हणाले, जाऊ दे ना वृंदा, तिला अजून घरं करायचीत.

“टॅब नीचे रख दो,” वृंदा मुलीला म्हणाली. मुलीने गोंधळून तो टीपॉयवर ठेवला. “अब मेरी तरफ देखो. और जो मैं बोलती हूँ, वो मुझसे पूछो.” आणि तिने तो प्रश्न सांगितला, एकेका तुकड्याने, जानेवारीच्या धुक्यात सांगायची तसा. मुलगी तिच्यामागून म्हणत गेली. कोई ऐसा बच्चा भी हुआ. जो पैदा होकर रोया हो. शेवटाकडे येईपर्यंत पोरीचा आवाज आपोआप खाली आला होता, कुणी तिला तसं शिकवलं नव्हतं.

“हाँ,” वृंदा म्हणाली. “हुआ था. लड़का.”

मुलीचा हात सवयीने टॅबकडे गेला आणि मध्येच थांबला. ती आमच्या दोघींकडे आळीपाळीने बघत राहिली. मग हळूच म्हणाली, “आंटी, ये कहाँ भरूँ?”

 कूलर घरघरत होता. खिडकीजवळ पेपराची घडी झाल्याचा आवाज आला. बाहेरच्या उन्हाकडे बघत दिनेश मराठीत म्हणाले, “खूप जोरात रडला होता.”